फॉसडेमला (ब्रसेल्स) जायचंय: नोंदणीच नसलेल्या परिषदेसाठी व्हिसाची फाईल कशी लावायची?

कानामात्रा (प्रश्न)

मंडळी, लिबरऑफिस या मुक्त ऑफिस सॉफ्टवेअरच्या मराठी भाषांतराचं काम वेबलेट या भाषांतराच्या संकेतस्थळावर करतो. पुढच्या फॉसडेमला (मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांची ब्रसेल्समधली वार्षिक परिषद) जायचं ठरवलंय. २०२६ चं ३१ जानेवारी आणि १ फेब्रुवारीला झालं, पुढचंही त्याच सुमारास असेल असं धरून तयारी करतोय.

अडचण अशी की फॉसडेमला प्रवेश फुकट, नोंदणी नाही, तिकीट नाही, गळ्यात अडकवायचा बिल्लाही नाही. मग बेल्जियमच्या व्हिसाच्या अर्जाला ‘मी या परिषदेला चाललोय’ याचा पुरावा म्हणून जोडायचं काय? मी फ्रीलान्स काम करतो, म्हणजे कंपनीचं रजेचं पत्रही नाही. राहणार कोल्हापूरला, पासपोर्ट नवा, आधी कुठलाच व्हिसा नाही.

दुसरं, डेव्हरूममध्ये (एकेका विषयाला वाहिलेली भाषणांची खोली) वीस मिनिटांचं भाषण द्यायचा विचार आहे. ते मंजूर होईपर्यंत थांबून मग अर्ज करावा का? खर्चाला कुठून मदत मिळू शकते? आणि तिथे दोन दिवसांत हजारभर भाषणं असतात म्हणे, तर आधी काय ठरवून जावं?

---

शिक्कामोर्तब

भाषण मंजूर होईपर्यंत थांबू नका. सगळ्यात जास्त लोक इथेच अडकतात. डेव्हरूमची यादी साधारण ऑक्टोबरअखेर-नोव्हेंबरात लागते, प्रस्ताव डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत घेतात, निकाल डिसेंबरच्या मध्यावर. त्यानंतर नाताळ, मग नवीन वर्ष. शेंगेन (युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच व्हिसा) अर्जावर निर्णयाला नियमाने १५ दिवस धरतात, पण जास्त कागद मागितले तर ४५ दिवसांपर्यंत लांबू शकतो. शिवाय आधी व्हिसा केंद्राची वेळ मिळायला हवी. डिसेंबरात युरोप फिरायला जाणाऱ्यांची गर्दी असते, तेव्हा ती वेळ हातात येईपर्यंत जानेवारी उजाडतो. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज घेतात आणि निदान १५ दिवस आधी तो गेलाच पाहिजे. तुम्ही नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात, निव्वळ श्रोता म्हणून अर्ज करा. भाषण मिळालं तर बोनस.

आता पुरावा. नोंदणी नसते, त्यामुळे एकच कागद सगळं सिद्ध करतो असं होत नाही; तीन-चार कागद मिळून ते काम करतात.

पहिला, प्रकल्पाचं पत्र. लिबरऑफिसच्या मागे दि डॉक्युमेंट फाउंडेशन आहे, बर्लिनची नोंदणीकृत संस्था. अशा संस्थेच्या लेटरहेडवरचं पत्र वजनदार ठरतं. पत्रात काय हवं ते तुम्हीच मसुदा करून पाठवा, नाहीतर ‘हे आमचे चांगले स्वयंसेवक आहेत’ असं गोड पण बिनकामाचं पत्र येतं. पासपोर्टवरचं पूर्ण नाव, पासपोर्ट क्रमांक, किती वर्षांपासून कुठलं काम, परिषदेच्या तारखा आणि ठिकाण, खर्च कोण करणार, आणि सही करणाऱ्याचा हुद्दा व संस्थेचा अधिकृत ईमेल. खर्चाचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. संस्था काही देणार नसेल तर ‘खर्च अर्जदार स्वतः करणार’ असं स्पष्ट हवं.

दुसरा, फॉसडेमच्या संकेतस्थळावरचं तारखा आणि ‘प्रवेश विनामूल्य, नोंदणी लागत नाही’ हे सांगणारं पान, छापून. हे विसरतात लोक. ते नसलं की समोरचा अधिकारी विचारतो, नोंदणीची पावती कुठाय?

तिसरा, कामाचा पुरावा, पण एकच पान. वेबलेटवरच्या तुमच्या खात्याचा आकडेवारीसकट स्क्रीनशॉट पुरे. केलेल्या प्रत्येक बदलाच्या नोंदींची (कमिट) चाळीस पानं लावली तर ती कोणी वाचत नाही.

चौथं कव्हरिंग लेटर. एक पान, इंग्रजीत. पहिल्या परिच्छेदात कोण आणि काय काम, दुसऱ्यात परिषद कुठली आणि तिथे जाऊन नेमकं काय करणार, तिसऱ्यात रोजचा कार्यक्रम तारखेनिशी, चौथ्यात खर्च आणि परत का येणार. चौथ्यात भावनिक काही नको. ‘मार्चमध्ये अमुक ग्राहकाचं काम सुपूर्द करायचं आहे, करार जोडला आहे’ असं लिहा.

फ्रीलान्स असल्याने रजेच्या पत्राऐवजी दोन-तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं, उद्यम किंवा जीएसटी नोंदणी असेल तर ती, चालू करार आणि बँकेचं शिक्का मारलेलं स्टेटमेंट. अर्जाच्या आदल्या आठवड्यात मामाकडून दोन लाख घेऊन खात्यात टाकू नका. एकरकमी जमा ठळक दिसते आणि तिचा खुलासा मागतात. बेल्जियम हॉटेलात राहणाऱ्याकडे दिवसाला ९५ युरो आणि कोणाच्या घरी राहणाऱ्याकडे ४५ युरो असावेत असं धरतं. सहा दिवस हॉटेल म्हणजे ५७० युरो हा किमान आकडा. खात्यात त्यापेक्षा बरंच जास्त, आणि काही महिने नांदलेलं, दिसायला हवं.

बाकीचं नेहमीचं: ३५ × ४५ मिलिमीटरचे फोटो, परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने वैध आणि दोन कोरी पानं असलेला पासपोर्ट, किमान ३०,००० युरोचा आणि सगळ्या शेंगेन देशांत चालणारा प्रवास विमा. शुल्क ११ जून २०२४ पासून ९० युरो, वर केंद्राचा सेवाखर्च. नकार आला तर शुल्क परत मिळत नाही. पहिलाच व्हिसा असल्याने बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागेल. ते ५९ महिने चालतात.

आता दोन बारीक गोष्टी.

एक, नाव. आपल्याकडे पासपोर्टवर ‘गिव्हन नेम’मध्ये स्वतःचं आणि वडिलांचं नाव, आडनाव वेगळ्या रकान्यात. बँकेत आडनाव आधी, पॅनवर तिसराच क्रम, आणि विमान आरक्षणात लोक वडिलांचं नाव गाळतात. आरक्षण, विमा, हॉटेल, प्रकल्पाचं पत्र, चारही ठिकाणी पासपोर्टप्रमाणे. बँकेतला क्रम बदलणं शक्य नसेल तर कव्हरिंग लेटरमध्ये एक ओळ टाका.

दोन, तारीख. मुंबईहून युरोपकडची बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. ‘गुरुवारी रात्री निघायचं’ म्हणताना विमान शुक्रवारी पहाटे २ चं असतं. मग विमा एका तारखेपासून, हॉटेल दुसऱ्या, अर्जात तिसरीच. सगळ्या तारखा एका कागदावर मांडा: भारतातून निघणं, शेंगेनमध्ये उतरणं, तिथून निघणं, भारतात पोचणं. अर्जात शेंगेनमध्ये उतरण्याची आणि तिथून निघण्याची तारीख लिहायची. हे दोन्ही दिवस मुक्कामात मोजले जातात. विमा मात्र भारत सोडल्यापासून परत पोचेपर्यंतचा काढा.

तिकीट व्हिसाआधी विकत घेऊ नका. आरक्षण ‘होल्ड’ करून त्याची प्रत लावा, हॉटेल रद्द करता येईल असं घ्या.

---

रूटयूजर

वरच्या बहुतेक मुद्द्यांशी सहमत, एक भर. ‘एवढं जातोयच तर पॅरिस बघून येऊ’ हा मोह इथे नडतो. व्हिसा त्या देशाकडे मागायचा जिथे मुख्य कारण आहे किंवा जिथे जास्त रात्री आहेत. रात्री समान असतील तर जिथे पहिला प्रवेश. ब्रसेल्सला तीन रात्री आणि पॅरिसला पाच असा कार्यक्रम लावून बेल्जियमकडे अर्ज केलात तर ‘फ्रान्सकडे जा’ असं सांगण्याची मुभा त्यांना आहे. ब्रसेल्सच्या रात्री जास्त ठेवा, बाकी फिरणं दिवसाच्या रेल्वेने. ब्रसेल्सहून पॅरिस युरोस्टारने जेमतेम दीड तास.

आणि अर्जातल्या ‘प्रवासाचा हेतू’ या रकान्याबद्दल काही जण सांगतील की ‘पर्यटन’ टाका, भानगड नको. टाकता येतं, पण मग सोबत प्रकल्पाचं पत्र लावलं तर फाईल स्वतःशीच भांडते. आणि पत्र लावलंच नाही तर कडाक्याच्या थंडीत एकटा माणूस पाच दिवस ब्रसेल्सला कशाला चाललाय याचं उत्तर फाईलमध्ये सापडत नाही. नकारपत्रावर छापील कारणं असतात, त्यातलं एक नेमकं हेच: मुक्कामाच्या हेतूचं समर्थन दिलेलं नाही. ‘इतर’ निवडून पुढे ‘परिषदेत सहभाग’ लिहा. आधी मात्र त्या प्रकाराची कागदपत्रांची यादी केंद्राच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्या.

---

हिशेबनीस

पैशाचं.

फॉसडेम डेव्हरूमच्या वक्त्यांना प्रवासखर्च देईल हे धरून चालू नका. मदत मिळते ती प्रकल्पाकडून. दि डॉक्युमेंट फाउंडेशन, ग्नोम फाउंडेशन, केडीई ई.व्ही. अशा मुक्त सॉफ्टवेअरच्या संस्थांकडे कार्यकर्त्यांच्या प्रवासासाठी तरतूद असते. डेबियन या लिनक्स प्रणालीवर काम करणाऱ्यांसाठी डेबकॉन्फ ही वेगळी परिषद. तिथे बर्सरीचा (खर्चाच्या मदतीचा) अर्ज नोंदणीबरोबरच भरायचा, राहणं-जेवण-प्रवास वेगवेगळं मागता येतं. ज्यांना फॉसडेमची फाईल जड वाटते त्यांनी डेबकॉन्फने सुरुवात करावी असं माझं मत. निमंत्रणपत्र, राहायची सोय, सगळं एका ठिकाणाहून मिळतं.

सगळीकडे लागू पडणारे तीन नियम. मंजुरी आधी, तिकीट नंतर. आधी काढलेल्या तिकिटाचे पैसे बहुधा मिळत नाहीत. दुसरा, ही परतफेड आहे, उचल नव्हे. म्हणजे विमान आणि हॉटेलचे पैसे तुमच्या खात्यातून जातात आणि परिषद उरकल्यावर काही आठवड्यांनी परत येतात. तेवढं भांडवल नसेल तर आधीच कळवा, कधीकधी संस्था तिकीट थेट काढून देते. तिसरा, बोर्डिंग पास जपा. तिकिटाची पावती असते सगळ्यांकडे, बोर्डिंग पासचं चिटोरं विमानातच राहतं. उतरल्या उतरल्या फोटो काढून ठेवा.

पैसे परदेशातून येतील तेव्हा बँक रकमेचं कारण विचारते. ‘प्रवासखर्चाची परतफेड’ असं लिहा, सोबत मंजुरीचा ईमेल द्या. कारण मोघम ठेवलं की रक्कम बँकेत अडकून पडते. स्विफ्ट कोड शाखेत विचारून घ्या. परकीय चलनाचं काम सगळ्या शाखांत होत नाही आणि मग दावा चुकीच्या कोडवर जातो.

कार्ड: रुपेवर विसंबून जाऊ नका, व्हिसा किंवा मास्टरकार्ड घ्या, तेही दोन वेगवेगळ्या बँकांचे. भारतीय कार्डावर परदेशी व्यवहार मुळात बंद असतात. बँकेच्या अ‍ॅपमध्ये ‘आंतरराष्ट्रीय’ आणि ‘कॉन्टॅक्टलेस’ अशी दोन वेगळी बटणं असतात, दोन्ही निघायच्या आधी चालू करा. ओटीपी येणारं सिम रोमिंगवर किमान एसएमएस घेईल एवढं तरी जिवंत ठेवा.

---

गजर साडेसहाचा

तिथलं सांगतो.

जागा म्हणजे यूएलबी विद्यापीठाचा सोल्बॉश परिसर. सेंट्रल स्टेशनहून ७१ नंबरची बस, थांबा ‘यूएलबी’. नॉर्द स्टेशनच्या बाजूने २५ नंबरची ट्रामही येते. बस-ट्रामला तिकीट काढत बसू नका, यंत्राला कॉन्टॅक्टलेस कार्ड टेकवा. प्रत्येक वेळी तेच कार्ड टेकवलं तर दिवसाची कमाल मर्यादा आपोआप लागू होते. शनिवारी सकाळी ७१ खच्चून भरते. हॉटेल मिदी स्टेशनजवळ स्वस्त मिळतं, पण पाकीटमारीसाठी तो भाग बदनाम आहे. लुईझ किंवा इक्सेलच्या बाजूला घेतलं तर परिसर जवळ पडतो आणि रात्री जेवायला इक्सेलच्या दफनभूमीजवळची खानावळींची गल्ली मिळते. नाव भयाण, जेवण बरं.

विमान झाव्हेंतमला उतरणारं घ्या, तिथून रेल्वे वीसेक मिनिटांत सेंट्रलला. ‘ब्रसेल्स शार्लरॉय’ स्वस्त दिसतं, पण ते पन्नासेक किलोमीटरवर आहे. फ्रँकफर्ट किंवा पॅरिसमार्गे जात असाल तर इमिग्रेशन तिथेच होतं, ब्रसेल्सला नाही. १२ ऑक्टोबर २०२५ पासून सीमेवर चेहरा आणि बोटांचे ठसे नोंदवायची नवी पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू झाली, पहिल्यांदा जाणाऱ्याला त्यात वेळ लागतो. दीड तासाचं कनेक्शन घेऊ नका, तीन तास ठेवा.

आता भाषणं. सगळ्यात मोठं सभागृह जानसॉन, सुमारे १४०० खुर्च्यांचं. एडब्ल्यू इमारतीतल्या खोल्या मात्र शाळेच्या वर्गाएवढ्या. खोली भरली की दारावर ‘फुल’ची पाटी लागते आणि मग कोणालाही आत घेत नाहीत. आगीच्या सुरक्षेचा नियम आहे, स्वयंसेवकाशी हुज्जत घालून उपयोग नाही. त्यामुळे ‘के’मधून ‘एडब्ल्यू’त, तिथून ‘एच’मध्ये अशी दर अर्ध्या तासाला धावपळ आखली की दिवसभर बंद दारंच दिसतात. एक डेव्हरूम पकडून अर्धा दिवस तिथेच बसा. हवं असलेलं भाषण तीनला असेल तर दोनच्या भाषणालाच आत शिरा आणि खुर्ची सोडू नका. बाकीच्यांचं थेट प्रक्षेपण चालू असतं, नंतर चित्रफितीही येतात. तेव्हा जे घरी बसून बघता येतं त्यासाठी तिथे रांग लावणं मला पटत नाही. वेळ द्यायचा तो स्टॉलवर आणि बोळातल्या गप्पांना. वेबलेटवरून वर्षभर ज्यांच्याशी बोलताय त्यांना दोन आठवडे आधी ‘शनिवारी दुपारी एक वाजता लिबरऑफिसच्या स्टॉलपाशी’ असा निरोप धाडा. ‘तिथे भेटू’ एवढ्यावर हजारोंच्या गर्दीत कोणी भेटत नाही.

वेळापत्रकासाठी फोनवर फॉसडेम कम्पॅनियन घ्या. वायफायचं मुख्य नाव ‘फॉसडेम’ हे निव्वळ आयपीव्ही६ वर (इंटरनेट पत्त्यांची नवी पद्धत) चालतं. जुनाट व्हीपीएन त्यावर जोडला जात नाही, तेव्हा वायफाय बिघडलं असं वाटतं. त्यासाठी ड्युअल-स्टॅकचं (जुनी-नवी दोन्ही पद्धती चालणारं) वेगळं नाव असतं, त्यावर जा.

खाणं: शाकाहारी असाल तर तिथले प्रसिद्ध फ्राइट्स विचारून घ्या, पारंपरिक पद्धतीने ते गोमांसाच्या चरबीत तळतात. वॉफलमध्ये अंडं. घरून नेताना तूप, पेढे, बर्फी, चीज नेऊ नका. युरोपीय संघात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. भडंग, शेंगदाण्याची चटणी, तेलातली चकली चालते. नळाचं पाणी पिण्याजोगं असतं. रविवारी बरीच दुकानं बंद, शनिवारीच सोय करा.

थंडी शून्य ते सात अंशांच्या आसपास, पण खरा त्रास पावसाचा. एका इमारतीतून दुसरीत जाताना भिजायला होतं. जाड कोटापेक्षा आतून स्वेटर, वरून पाणी न लागणारं जाकीट आणि पाणी न शिरणारे बूट.

सॉकेट ‘ई’ प्रकारचं. दोन गोल पिनांचा मोबाइल चार्जर बसतो, लॅपटॉपची तीन पिनांची जाड केबल बसत नाही. एक अ‍ॅडाप्टर आणि त्यावर आपला तीन खाचांचा छोटा एक्स्टेन्शन बोर्ड नेलात तर अख्खी रांग तुमची ऋणी राहील.

---

कानामात्रा

भरभरून मिळालं, आभार. एकच राहिलं. भाषण झालंच तर विषय ‘ऱ्य’ची जोडाक्षरं आणि भाषांतरातली शोधाशोध असा आहे. स्लाइड्समध्ये देवनागरी भरपूर. तिथल्या यंत्रणेवर तुटेल का?

---

गजर साडेसहाचा

लॅपटॉप तुमचाच असतो, एचडीएमआयने जोडायचा, म्हणून तिथल्या फॉन्टचा प्रश्न येत नाही. यूएसबी-सी ते एचडीएमआय जोडणी स्वतःची न्या आणि पडदा ‘मिरर’ ठेवा, ‘एक्स्टेंड’ नको. तरीही ऐनवेळी दुसऱ्याच्या लॅपटॉपवरून दाखवायची पाळी येते, त्यासाठी फॉन्ट आत घातलेली पीडीएफ पेनड्राइव्हवर हवी.

पीडीएफ झाल्यावर नेमकं हे तपासा: ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ एकाच स्लाइडवर शेजारी ठेवा. पहिल्यात रफार डोक्यावर, दुसऱ्यात अर्धचंद्रासारखा र. दुसऱ्यातलं ‘ऱ्य’ युनिकोडच्या ०९३१, ०९४द, ०९२फ या क्रमाने टाइप केलेलं हवं (शेवटची अक्षरं सोळाच्या पायाच्या अंकांतले डी आणि एफ). काही जुने कळफलक तिथे साधा र, हलन्त आणि झेडडब्ल्यूजे (न दिसणारं जोडचिन्ह) टाकतात. पडद्यावर दोन्ही सारखंच दिसतं, पण शोधात एक सापडतं आणि दुसरं नाही. तुमचा विषयच तो, तेव्हा दोन्ही प्रकार मुद्दाम स्लाइडवर घ्या आणि शोधून दाखवा. देवनागरी न वाचणाऱ्यालाही फरक पटतो. आणि अक्षर निदान ४० पॉइंटचं ठेवा, मागच्या रांगेतून मात्रा दिसत नाहीत.

---

शिक्कामोर्तब

भाषण मंजूर झालं तर तो ईमेल छापून हातातल्या सामानात ठेवा, व्हिसा आधीच हाती आला असला तरी. सोबत परतीचं तिकीट, हॉटेल, विमा आणि प्रकल्पाचं पत्र. सीमेवरचा अधिकारी कारण विचारू शकतो, आणि फोनची बॅटरी नेमकी त्या रांगेत संपते.